बसची पाटी वाचता येते का? मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी बेस्ट आणि मेट्रो

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा जे ट्रेनमध्ये इयरफोन विसरून बसलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेलं थोडं अघळपघळ कापलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न सारखा येतोय. कुणी नांदेडहून आलंय, कुणी सांगलीहून, कुणी बेळगावहून. पहिली नोकरी, भाड्याची खोली, आणि प्रश्न असा की "ताई, मुंबईत बससाठी कुठलं अॅप चांगलं?" उत्तर देईनच. पण माझं म्हणणं असं आहे की अॅप नंतर, आधी पाटी. मेट्रो तुम्हाला सगळं हाताला धरून सांगते. पुढचं स्टेशन कुठलं, दार कुठल्या बाजूला उघडणार, सगळं. बस काहीच सांगत नाही. ती समोर येते, सात-आठ सेकंद थांबते आणि जाते. तेवढ्या वेळात ती वाचता आली तर तुमची, नाही तर मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत उभाच असतो.

आता हे एवढं महत्त्वाचं का, त्याचा हिशोब करू. मी अंधेरीला राहते, ऑफिस बीकेसीत. बांद्रा स्टेशनला उतरून बीकेसीत पायी जायचं तर घामाने शर्ट बदलावा लागेल एवढं अंतर आहे. रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, तेही पहिल्या दीड किलोमीटरचं. जाऊन-येऊन किमान ५२. महिन्याचे २५ दिवस धरले तर १३०० रुपये, आणि प्रत्यक्षात मीटर दीड किलोमीटरवर थांबत नाही, शिवाय पीक अवरला मीटर टाकायलाच कुणी तयार नसतं. बेस्टची साधी बस पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये, एसी १२. म्हणजे महिन्याला ५०० किंवा ६००. ज्याचा पगार वीस हजार आहे आणि त्यातले नऊ-दहा खोलीभाड्यात जातात, त्याला हा फरक सांगायची गरज नाही.

मूळ मुद्द्याकडे जाण्याआधी एक छोटी सूचना, खास बाहेरून फिरायला येणाऱ्यांसाठी. परदेशातले व्हिडिओ बघून मुंबईत कुणाला "सबवे कुठंय?" असं विचारू नका. आमच्याकडे सबवे म्हणजे रस्ता किंवा रूळ ओलांडायचा भुयारी मार्ग. सीएसएमटीला विचारलंत तर लोक तुम्हाला फेरीवाल्यांच्या गर्दीतून पलीकडच्या फुटपाथवर पोचवतील. आणि पावसाळ्यात "अंधेरी सबवे बंद" अशी बातमी आली तर मेट्रो बंद पडली असं समजू नका. अंधेरी सबवे, मिलन सबवे हे रुळांखालून जाणारे रस्ते आहेत, तिथे पाणी भरतं. जमिनीखालच्या गाडीला इथे मेट्रोच म्हणतात.

हां, तर पाटी.

बेस्टची जुनी पद्धत अशी की बसच्या कपाळावर नंबर मराठी आकड्यांत आणि डाव्या बाजूला, दाराजवळ, इंग्रजी आकड्यांत. नव्या बसवर एलईडी पाट्या आल्यात, त्यावर दोन्ही लिप्या आलटून-पालटून येतात. पण बस लांबून येताना नेमकी मराठी पाटी दिसते, आणि इथे आपलीच पोरं अडकतात. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना सवय नसते. मराठी ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो. मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा. म्हणजे ४१ नंबरची बस घाईत एकोणनव्वद वाचली जाते. हसू नका, थांब्यावर उभं राहून बघा किती जण बस पुढे गेल्यावर "अरे हीच होती!" म्हणतात. मराठी वाचता येणाऱ्याला या शहरात पन्नास मीटरची आघाडी मिळते, ती फुकट घालवू नका.

आकड्यालाही अर्थ आहे, तो असाच दिलेला नाही. ढोबळमानाने १ ते १९९ मुंबई शहर. दोनशेची मालिका पश्चिम उपनगरांची. तीनशेची मध्य आणि पूर्व उपनगरांची. चारशेची पूर्व-पश्चिम जोडणारी, म्हणजे एका रेल्वे लाइनवरून दुसरीकडे नेणारी. पाचशेची नवी मुंबईकडची. याला अपवाद आहेत आणि मार्ग अधूनमधून बदलतात, त्यामुळे परीक्षेसारखं पाठ करू नका. पण कुर्ल्याला उभे असताना ३३२ दिसली की ही उपनगरातच फिरणार, कुलाब्याला नेणार नाही, एवढं तरी लगेच कळतं. नंबराआधी 'ए' असेल तर ती एसी. 'मर्यादित' लिहिलं असेल तर ती ठरावीक थांब्यांवरच थांबते. तुमचा थांबा छोटा असेल तर मर्यादित बस तुम्हाला ऐटीत पुढे घेऊन जाईल.

यापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे नावं. बसच्या पाटीवर स्टेशनचं नाव असेलच असं नाही. अंधेरी पूर्वेला येणाऱ्या बसवर लिहिलेलं असतं 'आगरकर चौक'. चर्चगेटच्या बसवर 'अहिल्याबाई होळकर चौक'. सीएसएमटीला 'भाटिया बाग'. सायनला 'राणी लक्ष्मीबाई चौक'. दादर पश्चिमेला 'वीर कोतवाल उद्यान', ज्याला सगळं दादर प्लाझा म्हणतं. किंग्ज सर्कलला 'महेश्वरी उद्यान', दादर टीटीला 'खोदादाद सर्कल'. नवा माणूस अंधेरी स्टेशनची बस शोधत उभा असतो आणि आगरकर चौकच्या बस त्याच्या नाकासमोरून जात असतात. माझ्या मते बेस्टने खाली बारीक अक्षरात का होईना, स्टेशनचं नाव सगळीकडे लिहायला हवं. काही पाट्यांवर असतं, काहींवर नाही. तोवर तुम्ही एक करा. तुमच्या रोजच्या दोन-तीन ठिकाणांची बेस्टमधली नावं फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. बस्स. सगळ्या शहराची गरज नाही.

मग दिशा. हे मी बीकेसीच्याच उदाहरणाने सांगते, कारण तिथे रोज कुणी ना कुणी फसलेलं दिसतं. ३१० नंबरची बस बांद्रा पूर्व आणि कुर्ला पश्चिम यांच्यामध्ये धावते, बीकेसीतून. सकाळी काही प्रश्न नसतो, स्टेशनवरून निघणारी बस एकाच दिशेला जाते. संध्याकाळी ऑफिसच्या बाहेर आलात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ३१०च येते. एक तुम्हाला वेस्टर्न लाइनला नेते, दुसरी सेंट्रलला. विरारला राहणारा माणूस कुर्ल्याला उतरला तर त्याची संध्याकाळ गेली. म्हणून नंबर बघितल्यावर तिथेच थांबू नका, नंबराशेजारचं शेवटचं ठिकाण वाचा. आणि तेवढा वेळ नसेल तर चढताना नुसतं विचारा, "बांद्रा ना?" मुंबईत असं विचारण्याला कुणी हसत नाही. आम्ही वीस वर्षं राहणारेही विचारतो.

अजून एक मुंबईचा खास प्रश्न: "पुलाखालून ना?" इथे रस्त्यांवर उड्डाणपूल इतके आहेत की एकाच रस्त्याने जाणाऱ्या दोन बसमधली एक वरून जाते, एक खालून. जे.जे. उड्डाणपूल घ्या. त्यावरून गेलेली बस मोहम्मद अली रोडच्या सगळ्या थांब्यांच्या डोक्यावरून जाते. तुम्हाला मधे उतरायचं असेल तर खिडकीतून आपला थांबा खाली सरकताना बघत बसायचं. फोनचा नकाशाही इथे गोंधळतो, कारण त्याच्या लेखी वरचा आणि खालचा रस्ता एकाच रेषेवर आहे.

बसमध्ये शिरल्यावरचं फार सांगत नाही. जुन्या लाल बसमध्ये मागून चढायचं आणि पुढून उतरायचं ही पद्धत होती. आता छोट्या, मोठ्या, बॅटरीवरच्या असे नाना प्रकार आहेत, त्यामुळे दारावर काय लिहिलंय आणि पुढचा माणूस कुठून चढतोय ते बघा. घंटी एकदा वाजली तर थांबणार, दोनदा वाजली तर निघणार. काही फेऱ्यांवर कंडक्टर बसमध्ये नसतोच, थांब्यावर उभा राहून तिकीट देतो, म्हणून चढल्यावर कंडक्टर दिसला नाही तर आनंद मानू नका, तिकीट तपासनीस पुढच्या थांब्यावर भेटू शकतो. सुट्टे ठेवा. दहा रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट काढली की कंडक्टरकाका जे बघतात ना, ते बघणं महिनाभर पुरतं. आणि "पुढे चला, पुढे चला" हे तुम्हालाच उद्देशून असतं.

आता अॅप. 'चलो' अॅपवर बेस्टच्या बस नकाशावर हलताना दिसतात, तिकीट आणि पासही तिथेच निघतो. वापराच. फक्त एक भेद ओळखा. काही वेळा जी दाखवली जाते ती वेळापत्रकातली बस असते, आणि काही वेळा खरोखर रस्त्यावर असलेली, जीपीएसवर दिसणारी. नकाशावर बसचा ठिपका सरकतोय का ते बघा. सरकत असेल तर थांबा. नुसता 'इतक्या मिनिटांत येईल' असा आकडा असेल आणि ठिपकाच नसेल तर त्या आकड्यावर आपली मीटिंग टांगू नका.

आणि इथे खरं दुखणं येतं. बस कमी आहेत. मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ ला धावली, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. तेव्हा हेच लोक ट्राम चालवत होते. पुढे ट्राम १९६४ ला बंद झाली, बस राहिली. एके काळी ताफा चार हजारांच्या वर होता. आता तो तीन हजारांच्या आत आलाय, आणि त्यातल्या बहुतेक बस बेस्टच्या स्वतःच्या नाहीत, कंत्राटदारांच्या आहेत. म्हणजे बस त्यांची, ड्रायव्हर त्यांचा, मार्ग बेस्टचा. जुन्या बस आयुष्य संपलं म्हणून भंगारात जातात, नव्या त्या वेगाने येत नाहीत. शहर वाढलं, उपनगरं पार टोकापर्यंत गेली, आणि बस घटल्या.

भाड्याचं बघा. २०१९ च्या जुलैत किमान भाडं ८ वरून ५ रुपये केलं, तेव्हा थांब्यांवर लोक परत दिसायला लागले. मे २०२५ मध्ये तेच ५ चे १० झाले. एसीचे ६ चे १२. दुप्पट भाडं ऐकून मला राग आला नाही, खरं सांगते. दहा रुपयांत मुंबईत आजही काय मिळतं? राग येतो तो पंचवीस मिनिटं उभं राहिल्यावर. दहा रुपये देऊन बस दहा मिनिटांत येणार असेल तर माणूस हसत देईल. पण उशीर झाला तर त्याच माणसाला रिक्षा करावी लागते, आणि मग वर केलेला महिन्याचा सगळा हिशोब पाण्यात. म्हणून माझा स्वतःचा नियम साधा आहे. एकाच बसवर अवलंबून राहायचं नाही. तुमच्या ठिकाणाला जाणारे दोन-तीन नंबर माहीत हवेत, आणि त्यातले एखाद-दोन असे, जे तुम्हाला पूर्ण पोचवत नाहीत पण पाच मिनिटं चालण्याच्या अंतरावर सोडतात. ही दुसरी माहिती अॅप सहजासहजी देत नाही. थांब्यावरच्या पाटीवर सगळे नंबर लिहिलेले असतात, एका संध्याकाळी शांतपणे वाचून काढा.

आता मेट्रो. इथे गोष्टी सोप्या आहेत, फक्त एक मेख आहे: मुंबईची मेट्रो एक नाही. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही पहिली, जून २०१४ पासून सुरू, १२ स्टेशनं. दहिसर आणि अंधेरीला जोडणाऱ्या २ए आणि ७ या दोन. आणि आरे ते कफ परेड अशी जवळजवळ संपूर्ण भुयारी मेट्रो ३, जी ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं. चालवणाऱ्या संस्था तीन वेगळ्या. त्यामुळे बराच काळ असं होतं की एकाच प्रवासात दोन तिकिटं, दोन अॅप. आता दोन सोपे उपाय आहेत. एक, एनसीएमसी कार्ड, म्हणजे ते टॅप करायचं प्रवासी कार्ड, तीनही ठिकाणी चालतं. दोन, 'मुंबई वन' अॅप, ज्यात मेट्रो, लोकल, बस अशा अकरा सेवा एकत्र केल्यात. रोजचा प्रवास असेल तर मी कार्ड घ्या म्हणेन. फोनची बॅटरी दोन टक्क्यांवर असताना क्यूआर तिकीट दाखवायची वेळ कधी तरी येतेच.

बीकेसीला मी आता दोन पद्धतीने जाते. एक जुनी, लोकलने बांद्रा आणि तिथून ३१०. दुसरी, अंधेरीहून मेट्रो १ ने मरोळ नाका, चार स्टेशनं, तिथे बदलून मेट्रो ३ ने सहावं स्टेशन बीकेसी. पहिली स्वस्त आहे. दुसरी महाग, पण पावसात आणि बरं नसेल त्या दिवशी पैसे वसूल. रोज दुसरी पकडायची तर महिन्याचं बजेट हलतं, म्हणून मी हवामान बघून ठरवते. मरोळ नाक्याला बदलताना घाई करू नका. एक मेट्रो डोक्यावर आहे, दुसरी जमिनीखाली, मधले जिने मोजायला लागलात तर दमाल. वेळेत दहा मिनिटं जास्तीची धरा.

मेट्रो ३ साठी अजून दोन गोष्टी. तिकीट रस्त्यावर असतानाच काढा, खाली रेंजचा भरवसा धरू नका. आणि बाहेर पडताना 'ए१', 'बी२' अशा दारांच्या पाट्या वाचा. भुयारी स्टेशन लांबलचक असतं. चुकीच्या दाराने वर आलात तर समोर मोठा रस्ता, मधे दुभाजक, आणि तुमचं ऑफिस पलीकडे दिसतंय पण जाता येत नाही. आत असतानाच नकाशा बघा, तिथे भिंतीवर लावलेला असतो.

विमानाने येणाऱ्या पाहुण्यांना तर मी आता मेट्रो ३च सांगते. टी१ आणि टी२ दोन्हींची स्टेशनं आहेत, आणि एकाच गाडीने थेट दादर, गिरगाव, सीएसएमटी, चर्चगेट. सबंध मार्गाचं भाडं १० ते ७० रुपयांच्या आत. फक्त टी२ चं स्टेशन टर्मिनलच्या दारात नाही, बॅग ओढत थोडं चालावं लागतं. आत सुरक्षा तपासणी आहे, बॅगा मशीनमधून जातात. तीन मोठ्या सुटकेस आणि आजी सोबत असतील तर सरळ टॅक्सी करा, उगाच पैसे वाचवायला जाऊ नका.

रात्रीचं मात्र आधी ठरवून ठेवा. मेट्रो ३ ची टोकावरून शेवटची गाडी साधारण साडेदहाला सुटते. लोकल त्याच्या बऱ्याच नंतरपर्यंत चालते. बसचं दहानंतर मार्गागणिक बदलतं, काही मार्ग नऊ-साडेनऊलाच विरळ होतात. सेकंड शिफ्ट असलेल्या मुलींनी, आणि मुलांनीही, पहिल्याच आठवड्यात आपल्या मार्गाची शेवटची बस किती वाजता आहे ते थेट आगारात किंवा बसचौकीवर विचारून घ्यावं. चौकीतले स्टार्टर अॅपपेक्षा खात्रीचे. ते सांगतात, "साडेदहाची धरू नका, ती कधी कधी रद्द होते, सव्वादहाची घ्या." हे कुठल्याही स्क्रीनवर येत नाही.

पावसाचं एकच सांगते. हिंदमाता, गांधी मार्केट, अंधेरी सबवे, या ठिकाणी पाणी भरलं की बसचे मार्ग वळवले जातात. बस येते, पण तुमच्या थांब्यावर येत नाही, पलीकडच्या रस्त्याने जाते. अशा दिवशी थांब्यावर चिकटून उभं राहण्यात अर्थ नाही. बेस्ट वळवलेल्या मार्गांची माहिती आपल्या सोशल मीडियावर टाकते, ती बघा, आणि मोठ्या चौकापर्यंत चालत जा. तिथे कुठली तरी मिळते.

तुमच्या रोजच्या मार्गावर पाटीवर एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरंच असे थांबे असतील तर मला पाठवा. पंचवीस-तीस जमले की त्यांची एक यादी करून इथेच टाकेन. पुढच्या भागात लोकलच्या पासबद्दल बोलू, कारण त्यातही फर्स्ट क्लास, सेकंड क्लास आणि एसीचा गुंता आहेच. भेटू मग.